दुधाचे दात: अणुयुगाचे एक दफ्तर

१/७
इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, दफ्तरे डोळ्यांपुढे येतात. मला मात्र सर्वाधिक अस्वस्थ करणारे साधन बोटाच्या पेराहूनही लहान आहे: मुलाचा पडलेला दुधाचा दात.

२/७
१९५० च्या दशकात अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन खुल्या वातावरणात अणुचाचण्या करीत होते. स्फोटांतून निघालेले किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० पावसासोबत कुरणांवर उतरे, गवतातून गाईच्या दुधात जाई आणि दुधातून बालकांच्या देहात. त्याचे रासायनिक वर्तन कॅल्शियमसारखे. म्हणून ते हाडांत व दातांत साठे.

३/७
जिवंत मुलाचे हाड तपासायचे कसे? १९५८ साली जीवरसायनशास्त्रज्ञ हर्मन काल्कार यांनी ‘नेचर’मध्ये दुधाचे दात गोळा करण्याची कल्पना मांडली. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेतील सेंट लुईस शहरात वैज्ञानिक व नागरिकांनी ते काम आरंभिले. डॉ. लुईझ राइस यांनी सुरुवातीच्या काळात त्याची धुरा वाहिली.

४/७
हाड आयुष्यभर झिजते आणि नव्याने घडते. दुधाचा दात जन्माच्या आगेमागे घडतो व पुढे फारसा बदलत नाही. १९५४ साली जन्मलेल्या मुलाचा दात १९६१ मध्ये पडला, तरी तो साक्ष देतो १९५४ च्या सुमाराची.

५/७
आपल्याकडे पडलेला दात कौलांवर फेकण्याची रीत. तेथील आयांनी तो पाकिटात घालून पाठविला. सोबतच्या कार्डावर जन्मतारीख, गरोदरपणातील वास्तव्य, मूल अंगावरच्या दुधावर वाढले की बाटलीच्या, अशी माहिती. मुलांना बदल्यात एक बिल्ला मिळे. १९७० पर्यंत सुमारे ३,२०,००० दात जमले.

६/७
१९६३ साली जन्मलेल्या मुलांच्या दातांत १९५० मधील मुलांच्या तुलनेत सुमारे ५० पट स्ट्रॉन्शियम-९० आढळले. १९५० चे दात हाती नसते, तर १९६३ चा आकडा मुका राहिला असता. ५ ऑगस्ट १९६३ रोजी तिन्ही देशांनी वातावरणातील चाचण्या थांबविण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांतील प्रमाण उतरत गेले.

७/७
करार केवळ दातांमुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. दातांनी आजारही मोजला नाही. देहात काय शिरले, एवढेच मोजले. तरीही मला हे दफ्तर मोलाचे वाटते. चाचण्यांचा निर्णय घेताना या मुलांना कोणी विचारले नव्हते. पुरावा मात्र त्यांच्याच देहांतून आला, आणि तो वाचता आला तो आयांनी नीट लिहून ठेवलेल्या जन्मतारखांमुळे.