माळवदावरचं वाळवण

सोनपेठच्या आमच्या पिढीचा उन्हाळा माळवदावर गेला. रब्बीच्या रानात कडेकडेनं टाकलेले धने, ओवा, मेथी घरी आली, की वर जुनी लुगडी अंथरली जायची आणि आम्ही चुलत-आत्तेभावंडं राखणीला बसायचो.

आजी मधूनच एखादा धना उचलून नखानं फोडायची. दोन फाकींमधल्या पोकळीत करडी भुकटी दिसली, की ती मूठ बाजूला. ‘बुरा लागलाय,’ एवढंच म्हणायची. ओवा आणि बाळंतशेपा तर बाळंतिणीचं औषध. ते दोनदा पाखडून, तीनदा निवडून घ्यायची. मृगाच्या आत येसर कांडून व्हायचा. उरलेलं कोरड्या गाडग्यांत भरून उतरंडीला लागायचं. ओल्या हातानं गाडग्याला शिवलं, की काकू रागवायच्या. पावसाळा सरला, की सगळं पुन्हा उन्हात.

परभणीला 1972 साली कृषी विद्यापीठ झालं. पुढं आमच्यातले काहीजण तिथं शिकले, तेव्हा बुऱ्याची नावं कळली : हिरवट अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, काळी अ‍ॅस्परजिलस नायजर, निळसर पेनिसिलियम. त्यांचे बीजाणू मातीत, हवेत असतातच. दाणा कोरडा असेल तोवर ते निपचित पडून राहतात. ओल लागली की वाढतात. फ्लेव्हसचे काही वाण अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. ते यकृतावर घाला घालतं. 1974 साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. मसाला आपण चिमटीनं खातो, पण रोज खातो.

काही घरांत बुरा आलेलं पुन्हा वाळवून, भाजून वापरायचे. ऊन ओल काढतं. एकदा तयार झालेलं विष मात्र उन्हानं, धुण्यानं किंवा भाजण्यानं पुरतं जात नाही. म्हणून वाळवायचं ते बुरा यायच्या आधी. आजीनं हे पुस्तकात वाचलं नव्हतं, पण तिच्या हाताला ते ठाऊक होतं.

आता माळवदं जाऊन स्लॅब आले, पण ऊन तेच आहे. लेकीसुनांनो, नातवंडांनो, धने-जिरे अख्खे घ्या, उन्हं दाखवा, कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवा. कुबट वास आला, तर टाकताना हात आखडू नका. मूठभर धन्यापेक्षा घरातलं माणूस मोठं.