पुन्हा पुन्हा ऐकलेली नदी

उर्से टोलनाका ओलांडला की माझ्या गाडीत हटकून ‘कंदिसा’ लागतो. ‘इंडियन ओशन’ या बँडचा हा २००० सालचा अल्बम. त्यातील ‘मा रेवा’ हे नर्मदाखोऱ्यातील लोकगीत. बँडचे गायक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरले, तेथूनच ते आले.

पूर्वी मला त्यात केवळ ठेका ऐकू येई. आता सरदार सरोवराने बुडविलेले नंदुरबारचे मणिबेली आठवते. आणि डोंगरापलीकडची मुळशीही. विजेसाठीच्या धरणाविरुद्ध तेथे १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याचे अग्रणी. शेते तरीही बुडालीच.

‘मा रेवा’त मात्र तक्रारीचा सूर नाही, नदीची स्तुतीच आहे. ज्यांचे सर्वस्व पाण्याखाली गेले, त्यांच्याच खोऱ्यातील ही स्तुती ऐकताना मी दरवेळी ओशाळतो. आणि गीत पुन्हा लावतो.