छिद्रान्वेषण

छिद्रान्वेषण हा आम्हां अध्यापकांचा पिढीजात धंदा. तेव्हा पोलादात छिद्र पाडण्याचा प्रश्न निघताच आमच्या धाकट्या बंधूंनी प्रथम आमचाच सल्ला घ्यावा, हे एका परीने न्याय्यच होते. त्यांच्यापाशी महिंद्रांनी विलिसच्या परवान्याने बांधलेली एक जुनी जीप आहे. (1945 साली 'महिंद्र अँड महंमद' या नावाने निघालेली ही पेढी 1948 साली 'महिंद्र अँड महिंद्र' झाली.) शेतरस्त्यांसाठी घडलेले तिचे चारही पाटे अद्याप शाबूत आहेत, परंतु वयोमानाने शॉक ॲब्सॉर्बर थकल्यामुळे मांजरसुंब्याच्या घाटात मागे बसलेल्या आमच्या मातोश्री देवाचे नाव सोडून बंधूंचेच नाव घेऊ लागतात. तेव्हा मागे दोन जादा शॉक ॲब्सॉर्बर बसवावे आणि त्यांच्या ब्रॅकेटसाठी चेसीला 12 मिलिमीटरची भोके पाडावी, असा बेत ठरला.

दुकानदार प्रथम यंत्राची शक्ती सांगतो. आमच्या मते तो विचार शेवटचा. पोलाद कोणते, हा पहिला. चेसीचे पोलाद मऊ; त्याला हायस्पीड स्टीलचे साधे बिट पुरते. पाट्याला मात्र पाणी दिलेले असते. त्यावर साधे बिट नुसते घासते, तापून निळे पडते व बोथट होते. तेथे कोबाल्ट मिसळलेले, 135 अंशांच्या टोकाचे बिटच हवे. सोनेरी मुलाम्याला भुलू नये. पुन्हा धार लावताच टोकावरचा मुलामा जातो. पंचाने खूण करून आधी 4 मिलिमीटरचे भोक घ्यावे, मग 12 चे. लहान बिटाला मिनिटास 2000 फेरे चालतात, मोठ्याला सहाशे-सातशे पुष्कळ झाले. तेलाचे चार थेंब सोडावे. चुरा वेटोळे घेत निघाला तर काम बरे चालले आहे. भुकटी पडू लागली तर हात थांबवावा. यंत्राला बाजूची मूठ हवीच, कारण बिट आरपार जाताना अडकले म्हणजे मनगट पिरगळते.

इतके पांडित्य ऐकून घेऊन अंबाजोगाईच्या वृद्ध मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला : "भोक कुठं पाडायचं, सर?" बंधूंनी चेसीची खालची कड दाखवली. मिस्त्रींनी साफ नकार दिला. चेसी वाकू पाहते तेव्हा सर्वाधिक ताण वरच्या व खालच्या कडांवर पडतो, उभ्या भागाच्या मध्यावर सर्वांत कमी. कडेचे भोक म्हणजे उद्याच्या चिरेला आमंत्रण. पाट्याला मध्ये सेंटर बोल्टचे एकच भोक असते, तेही यू-बोल्टांच्या आवळणीखाली. तरीही यू-बोल्ट सैल पडले की पाटा बहुधा तेथेच तुटतो. एवढे सांगून त्यांनी खडूने उभ्या भागाच्या मधोमध दोन फुल्या काढल्या.

बंधू किंचित रुसले. ब्रॅकेटचा आकार आता बदलावा लागणार, म्हणजे आणखी आठवडा गेला. बिटे आम्ही आणून ठेवली आहेत. मातोश्री बसने जातात.