इंचाला मैल

दौंडहून निघालेली काळी रेघ बारामतीला येऊन थांबते. १९१४ सालची ही अडीच फुटी लाइन, सुमारे २७ मैलांची. इंचाला मैल असा सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा. त्यावर ती जेमतेम सव्वादोन फूट भरते, तीही दोन नकाशे जोडल्यावर. पुढे सणसरकडे बोट न्यायचं तर रस्त्यावरूनच. रूळ तिथवर कधी गेलेच नाहीत.

  आमच्याकडे रूळ आले ते पाण्यामागे. १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला, ऊस वाढला, गूळ वाढला; गाडी त्यानंतर.

हा पाट नकाशावर बघण्यासारखा आहे. निळी रेघ तपकिरी समोच्च रेषेला बिलगून चालते. ओढा आला की आत शिरते, वळसा घालते, पुन्हा बाहेर येते. सरळ गेली तर पाणी उताराला लागेल, म्हणून ही सगळी कसरत. रेघेच्या दक्षिणेला, नीरेच्या अंगाला, बागायत, उत्तरेला जिरायत. जमीन पाटाखालची का, हे सोयरीक जमवताना आधी विचारलं जाई. अति पाण्यानं काही रानं चोपण झाली, तेही खरं. नकाशा त्याबद्दल गप्प.

मोजणी आपल्या इंदापूर तालुक्याला नवी नाही. इंग्रज अधिकारी प्रिंगलची साऱ्यासाठीची मोजणी फसल्यावर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं सुरुवात केली ती इथेच. साखळी तेहतीस फुटांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मुंबई इलाख्याच्या सारापद्धतीनं धुळाक्षरं इथे गिरवली, आणि भावकीची भांडणं अजून त्याच गुंठ्यांवर चालतात! बांध मात्र या नकाशात सापडायचे नाहीत, त्यासाठी गावनकाशाच काढावा लागतो. पालखीचंही तसंच. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण झालं की तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला येते, मग बेलवाडीचं गोल रिंगण. सर्व्हेवाल्यांकडे त्याला खूण नाही.

सणसरकरांनो, असा नकाशा हाती लागला तर आधी आपली वस्ती शोधत बसू नका. पाट शोधा, आपलं रान त्याच्या कोणत्या अंगाला पडतं ते बघा. शेजारी भवानीनगरला साखर कारखाना का उभा राहिला, हे मग कोणाला विचारायला नको.