मित्राचा आवाज आणि वर्गणीची पावती

दुपारच्या वेळी आपल्या घरात कोणाचा आवाज असतो? मुले नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास गेलेली, शेजारच्या घरांना कुलपे. अशा घरांतील दुपार फार लांब असते. आमचे घर श्रीवर्धनचे. मागे सुपारीची वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील वाड्या आडव्या केल्या. त्यानंतरच्या विजेविना गेलेल्या संध्याकाळी आम्ही उभयतांनी कंदिलाच्या उजेडात पत्ते बाहेर काढले. संसाराच्या धबडग्यात तो जोड कित्येक वर्षे कपाटातच पडून होता. पुढे वीज आली, तरी खेळ थांबला नाही.

दोन वर्षांनी पत्नीस अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचाही लवकर परतली. उजव्या हातातील बळ मात्र गेले. व्यायाम शिकविण्यास येणाऱ्या ताईंनी सांगितले, “बोटांना काम द्या, आणि ते त्यांच्या आवडीचे असू द्या.” हातात पत्ते धरता येईनात, म्हणून गावच्या सुताराने फणसाच्या फळीला लांब खाच पाडून दिली. त्या खाचेत पत्ते उभे करायचे आणि उजव्या हाताने एकेक उचलायचा. पहिल्या महिन्यात रमीचा एक डाव संपण्यास तास लागे.

खेळ म्हणजे औषध नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. २००३ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि बैठे खेळ यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. खेळामुळेच तसे झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु खेळणाऱ्या माणसाची दुपार सुसह्य होते, एवढे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

याच काळात पुण्याच्या नातवाने आजीच्या मोबाइलवर एक पॉडकास्ट लावून दिला. पॉडकास्ट म्हणजे हवे तेव्हा ऐकता येणारा नभोवाणीसारखा कार्यक्रम. दोन तरुण मित्र आठवड्यातून एकदा तासभर बैठ्या खेळांवर गप्पा मारीत. एका भागात सारीपाट, तर एकात सावंतवाडीची गंजिफा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पाने असतात, हे आम्हांस तेथेच कळले. श्रोत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गटही होता. पत्नी सांगे आणि मी टंकून देई. तिच्या माहेरच्या ‘बदाम सात’चे नियम वाचून कोणी कोल्हापूरचा, कोणी नागपूरचा मुलगा तिला ‘आजी’ म्हणून प्रश्न विचारू लागला. आजारी माणसाची प्रकृती सगळेच विचारतात. त्याचे मत विचारणारे थोडे असतात. तिचा चेहरा त्या दिवसांत उजळला होता.

मग हळूहळू कार्यक्रमाचा सूर बदलला. दर दोन भागांआड एखादा नवा खेळ येऊ लागला, जो अद्याप तयारच झाला नव्हता. त्यासाठी इंटरनेटवर लोकवर्गणी गोळा होत होती. यालाच क्राउडफंडिंग म्हणतात. निर्माता आपली कल्पना मांडतो, अमुक दिवसांत अमुक रक्कम जमली तर वस्तू करीन, असे सांगतो आणि लोक आगाऊ पैसे देतात. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘किकस्टार्टर’ या अमेरिकी संकेतस्थळाने ही रीत जगभर नेली. २०१५ मध्ये तेथे ‘एक्स्प्लोडिंग किटन्स’ या पत्त्यांच्या खेळासाठी २ लाख १९ हजारांहून अधिक लोकांनी सुमारे ८८ लाख डॉलर दिले. कोणत्याही कारखानदाराने हात लावला नसता, असे कितीतरी छोटे खेळ या मार्गाने जन्मास आले, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु ही खरेदी नव्हे. किकस्टार्टर स्वतःच सांगते, की आम्ही दुकान नाही. त्याच संकेतस्थळावरील प्रकल्पांची पाहणी पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचे प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. कबूल केलेली वस्तू देऊ न शकलेले प्रकल्प सुमारे ९ टक्के निघाले. उशीर होणे तर नित्याचेच.

समुद्री किल्ल्यांवरचा एक खेळ त्या मुलांनी असा रंगवून सांगितला, की पत्नीने सुपारीच्या पैशांतून अडीच हजार रुपये देण्याचे ठरविले. “अहो, जंजिरा आहे त्यात. आपलाच किनारा,” ती म्हणाली. खेळ दिवाळीस यायचा होता. दिवाळी गेली, शिमगा गेला, दुसरी दिवाळीही गेली. निर्मात्याकडून आधी दिलगिरीची पत्रे आली, नंतर तीही थांबली. पैशांचे दुःख आम्ही केव्हाच गिळले. टपालवाल्याची सायकल वाजली की ती खिडकीशी जाई, ते पाहणे जड जाई.

त्याहून मोठी हानी दुसरीच होती. मोहिमेचे दिवस मोजके असतात, त्यामुळे कार्यक्रमात सतत घाई आली. ‘शेवटचे तीन दिवस’, ‘आत्ता दिले तर जादा पाने मोफत’. जे खेळ लोक खेळत होते, त्यांच्यावरची चर्चा आटली. जे कोणी खेळलेलेच नव्हते, त्यांच्यावर वाढली. गटात कोणी शंका काढली, तर ‘मराठी मुलांच्या पायात पाय घालू नका’ असे उत्तर मिळे. ज्यांना वर्गणी परवडत नव्हती, ते गप्प झाले. ‘बदाम सात’बद्दल आता कोणी विचारीत नव्हते. एके दुपारी पत्नीने मोबाइल बंद केला आणि म्हणाली, “हल्ली ही मुलं आपल्याशी बोलत नाहीत, आपल्या बटव्याशी बोलतात.”

वर्गणी आपल्याला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा जमवून ‘पैसा फंड’ उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला. गणेशोत्सवाची वर्गणी तर दरवर्षीचीच. पण पावतीपुस्तक घेऊन दाराशी आलेला माणूस वर्गणीसाठीच आला आहे, हे आपल्याला पाहताक्षणी कळते. आपण त्याला ‘हो’ म्हणतो, ‘पुढच्या वर्षी’ म्हणतो, आणि त्यानंतरही तो आपला शेजारीच राहतो. येथे मात्र मित्राचा आवाज आणि वर्गणीदाराचा आवाज एकच झाला होता. कोणता शब्द आपुलकीचा आणि कोणता मोबदल्याचा, हे ओळखण्याची सोय उरली नव्हती.

मी त्या मुलांना सविस्तर पत्र लिहिले. रागाने नव्हे, तिला काय मिळत होते आणि काय हरवले, एवढेच. त्यांतील एकाचे प्रांजळ उत्तर आले. खेळाचे नमुने मोफत मिळत, काही वेळा मानधनही. ध्वनिमुद्रणाचा खर्च खिशातून होत होता आणि मोहिमेच्या आठवड्यांत श्रोते वाढत. यात कपट नव्हते, ओढाताण होती. मी त्यांना कळविले, की तुमच्या गप्पांसाठी आम्ही महिन्याला शंभर रुपये आनंदाने देऊ. पण गप्पांच्या वेषात दुसऱ्याची वर्गणी मागू नका. आता ते आरंभीच सांगतात, की अमुक खेळाचा नमुना आम्हांस मोफत मिळाला आहे. खरे तर तसे सांगणे हा नियमच आहे. पैसे, भेटवस्तू वा अन्य लाभ घेऊन एखाद्या वस्तूची भलामण करणाऱ्याने ते नाते उघड करावे, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

हे केवळ तरुणांच्या जगात घडते, असे समजू नका. आमच्या संध्याकाळच्या किनाऱ्यावरील कट्ट्यावरही मध्यंतरी रोज एखादे आवाहन येऊ लागले. कधी कोणाच्या उपचारांसाठी, कधी मंदिराच्या पत्र्यांसाठी. सगळी कारणे चांगलीच. पण तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणारे एक गृहस्थ त्यामुळे येईनासे झाले. चौघांसमोर नाही म्हणण्यापेक्षा त्यांनी घरीच बसणे पत्करले. कारण उमगले तेव्हा आम्हांस लाज वाटली. आता आवाहन असेल ते महिन्याच्या पहिल्या रविवारी, कागदावर लिहून येते. कोणी किती दिले, हे वाचले जात नाही. इतर दिवशी कट्टा फक्त गप्पांचा. ते गृहस्थ पुन्हा येऊ लागले आहेत.

आपल्यावर किंवा आपण ज्यांची काळजी घेता त्यांच्यावर असा प्रसंग आला, तर एवढे करावे. मागणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे, हे मोकळेपणी विचारावे. वस्तू मिळालीच नाही तरी चालेल, एवढीच रक्कम द्यावी. टपालखर्च आणि परदेशी वस्तू असेल तर सीमाशुल्क वेगळे पडेल का, तेही पाहावे. ‘आजच’ असा आग्रह असेल, तर एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. आणि घरातील तरुणांना एक विनंती: आजी-आजोबांचे पैसे गेले, तर त्यांना रागावू नका. पुष्कळदा त्यांनी वस्तूसाठी नव्हे, तर आपल्याला कोणीतरी बोलावले म्हणून पैसे दिलेले असतात.

तो किल्ल्यांचा खेळ अजून आलेला नाही. मागच्या सुटीत नातू आला, तेव्हा त्याने जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर जंजिरा, पद्मदुर्ग, कोर्लई अशी चित्रे काढून पत्ते कापले आणि नियम आजीला ठरवायला सांगितले. ते तीन वेळा बदलले आहेत आणि प्रत्येक वेळी तिच्याच सोयीने. फणसाच्या फळीत ती पाने जरा सैल बसतात. तरी आता ती उजव्या हाताने पान उचलते आणि डाव संपण्यास वीस मिनिटे पुरतात.