काळोखातला खेळ

आमच्या चिरंजीवांना अंधार पडल्यावर रानात खेळायला जाण्याची खोड आहे, ही गोष्ट त्यांच्या घरी मुक्कामाला गेल्यावर आठव्या दिवशी मला कळली. तोपर्यंत गॅरेजच्या कोपऱ्यातली ती पाठीवर अडकवायची गलेलठ्ठ पिशवी नातवाच्या शाळेची असावी, असाच माझा समज होता. बापडा एवढी पुस्तके वाहतो कशी, म्हणून मला त्याची दयाही आली होती. एका संध्याकाळी मी ती उघडून पाहिली. आत एकही पुस्तक नव्हते. वीस-बावीस रंगीत तबकड्या, दोन टॉर्च, कपाळाला बांधायचा दिवा, चिकटपट्टीचे रीळ आणि शर्टाच्या गुंडीपेक्षा थोड्या मोठ्या अशा दिव्यांची एक डबी, एवढा ऐवज निघाला. एखाद्या जादूगाराची पडशी असावी तशी ती पिशवी दिसत होती.

"बाबा, हे डिस्क गोल्फचं सामान," चिरंजीव म्हणाले. "रात्रीच्या डिस्क गोल्फचं."

हे सारे अमेरिकेत, डेट्रॉईटजवळच्या एका उपनगरात, २०२३ सालच्या नोव्हेंबरात घडले. गोल्फ म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे काठ्यांचे ओझे वाहणारा नोकर आणि त्याच्यापुढे रिकाम्या हातांनी चालणारा साहेब उभा राहतो. या गोल्फात काठी नाही, चेंडू नाही, आणि ओझे साहेबच वाहतो. फराळाच्या बशीएवढी, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची प्लॅस्टिकची तबकडी असते. समोर दोन-तीनशे फुटांवर एक लोखंडी खांब, खांबाला टोपली आणि टोपलीवर साखळ्यांची झालर. तबकडी फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. साखळ्यांवर आदळली की तिचा जोर मरतो व ती खाली टोपलीत पडते. अशा अठरा टोपल्या झाल्या की डाव संपला. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थाने १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले, आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट १९७७ साली मिळवले. हे हेड्रिक पुढे पुन्हा भेटणार आहेत.

आता हा खेळ रात्री का खेळायचा? कारण साधे आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास मागे घेतात. मग सव्वापाचलाच सूर्य मावळतो, आणि नोकरदार माणूस घरी येतो तेव्हा मिट्ट काळोख झालेला असतो. मार्चपर्यंत वाट पाहायची, नाहीतर काळोखाशी तडजोड करायची. सार्वजनिक बागा बहुतेक ठिकाणी अंधार पडताच बंद होतात. म्हणून चिरंजीवांच्या टोळीने एका गृहस्थाच्या खासगी रानातले मैदान गाठले होते.

तडजोडीची तयारी मात्र मोठी असते. दिवाळीच्या आदल्या दिवशी आम्ही आजोबा, मुलगा आणि नातू स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. काम एवढेच, की तबकडी पालथी घालून तिच्या पोटात बरोबर मध्यावर ती दिव्याची गुंडी बसवायची आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबायची. दिवा मध्यापासून जरा जरी सरकला तर तबकडी हवेत डुलू लागते. पट्टीखाली हवा राहिली तर दवाने ती सुटते. शिवाय तबकडी अपारदर्शक असून चालत नाही. ती सुलटी पडली तर दिवा खाली झाकला जातो आणि आपण त्याच्यावरून चालत जातो. आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकची असली म्हणजे सबंध तबकडी निरांजनासारखी आतून उजळते. प्रत्येक गड्याचा रंग वेगळा, म्हणजे भांडण नाही. माझ्या वाट्याला हिरवा आला.

सूनबाई येऊन म्हणाल्या, "पार्सलची पट्टी संपवलीत ना सगळी?" तिघांनीही माना खाली घातल्या. पूर्वी आमच्या घरी आकाशकंदिलाच्या दिवसांत कामट्या, खळ आणि घोटीव कागद यांचा असाच पसारा पडे, आणि चिरंजीवांची आई याच सुरात खळीच्या पातेल्याची चौकशी करी. हे चिरंजीवांनाही आठवले असावे. ते काही बोलले नाहीत. आम्हा दोघांत गेली तीन वर्षे हिचे नाव आले की असाच थांबा येत असे.

दिव्याशिवाय चमकणाऱ्याही तबकड्या असतात. "या रेडियमच्या," मी म्हणालो. आपल्याकडे अंधारात चमकणारे जे जे काही ते रेडियमच! माझ्या वडिलांच्या गजराच्या घड्याळाचे आकडे रात्रभर हिरवे दिसत. ते रेडियम असेलही, पण या तबकड्यांत त्याचा अंशही नाही. यांत प्रकाश साठवून ठेवणारी पूड असते. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट हे त्यांतल्या सर्वांत दमदार पुडीचे नाव. यांना आधी प्रकाश पाजावा लागतो. साधा टॉर्च चालतो, पण जांभळ्या, म्हणजे अतिनील किरणांचा टॉर्च काही सेकंद फिरवला की तबकडी झगझगून उठते. दोन-चार मिनिटे तिचा तोरा पाहून घ्यावा. मग ती मंदावू लागते. विझत मात्र नाही. क्षीण प्रकाश पुष्कळ वेळ धरून राहते. माझी तबकडी याच जातीची होती, आणि वर तिला दिवाही लावला होता. म्हाताऱ्या माणसाची तबकडी हरवू नये म्हणून ही दुहेरी व्यवस्था!

रविवारी, १२ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन झाले. सूनबाईंनी आम्हा दोघांना फराळाचा डबा देऊन वाटेला लावले. अमावास्येची रात्र, थंडी बोचरी. माझ्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची व्हायची होती. मैदानावर पोचलो तेव्हा दूर झाडीत टोपल्यांना बांधलेले दिवे लुकलुकत होते, काहींच्या साखळ्यांत मोडताच उजळणाऱ्या नळ्या अडकवल्या होत्या. मोठे मनोहर दृश्य, पण फसवे. अंधारात दिवा दिसतो, अंतर दिसत नाही. चाळीस पावलांवरची टोपली हाताशी आल्यासारखी वाटते आणि फेक अर्ध्यातच पडते. डोळस मंडळीही तशीच फसत होती, हे पाहून मला बरे वाटले, हे कबूल करतो. दिवसा मी त्यांच्यात लंगडा ठरलो असतो. रात्री सगळेच चाचपडत होते. टोपलीत गेली की नाही हे शेवटी कानांनीच कळायचे. बैलांच्या घुंगरमाळेसारख्या साखळ्या खळखळल्या की टोळीतून आरोळी उठे.

कपाळावरच्या दिव्याचे शिष्टाचार मात्र कडक. कोणाशी बोलताना मान खाली, नाहीतर समोरचा पाच मिनिटे आंधळा. दुसरा फेकत असताना दिवा बंद. मी दोनदा चुकलो. परदेशी पाहुणा म्हणून माफी मिळाली.

सातव्या टोपलीला माझी तबकडी उजवीकडे झाडीत शिरली. दवाने पट्टी सुटली होती. दिवा एकीकडे पडला आणि तबकडी दुसरीकडे गेली. बाकीची मंडळी पुढे गेली. आम्ही दोघे पाचोळा तुडवत शोधू लागलो. टॉर्चच्या उजेडात प्रत्येक पान तबकडीसारखे दिसे.

"बाबा, दिवा मालवा," चिरंजीव म्हणाले.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री हे वाक्य ऐकावे लागेल असे वाटले नव्हते. पण त्यात तथ्य होते. काळोखाला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि सरावल्याशिवाय मंदावलेली तबकडी दिसत नाही. टॉर्च लावून शोधणारा स्वतःच तिला लपवतो. आम्ही दिवे मालवले आणि उभे राहिलो. त्याचा श्वास ऐकू येत होता, चेहरा दिसत नव्हता.

"तो हेड्रिक २००२ साली गेला," थोड्या वेळाने तो म्हणाला. "त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली. लोकांनी त्या जपून ठेवल्या आहेत."

मी "असं?" म्हणालो. आणखी काय म्हणणार?

"आईच्या थोड्याशा तरी ठेवायला हव्या होत्या, बाबा. मी फोनवर म्हटलं होतं."

म्हटले होते खरे. ही गेली २०२० च्या एप्रिलमध्ये. मार्चच्या अखेरीपासून भारतात येणारी प्रवासी विमाने बंद होती. त्याने अग्नी पाहिला तो फोनच्या पडद्यावर. नंतर त्याने विचारले होते, माझ्यासाठी थांबता येईल का? मी म्हणालो होतो, अस्थी अशा ठेवत नाहीत. शास्त्र सांगितले होते. दहाव्या दिवशी मी त्या नदीत सोडल्या.

"शास्त्र नव्हतं ते," मी काळोखात म्हणालो. "ते तुला सांगायला बरं पडलं. कलश गॅलरीच्या बाहेर टांगला होता. रात्री वाऱ्यानं तो हलायचा आणि मला आतून ऐकू यायचं. घरात दुसरं कोणी नव्हतं. विमानं कधी सुरू होतील ते कोणी सांगत नव्हतं. मला ते सोसेना, म्हणून मी तुझी वाट पाहिली नाही."

तो बराच वेळ बोलला नाही. मैदानाच्या पलीकडे कोणाची तरी साखळी वाजली.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू माझ्यापेक्षा जास्त रडत होतास."

पुन्हा पाचोळा वाजला. तो जवळ आला असावा, कारण माझ्या कोपराला त्याचा हात लागला. तो तिथेच राहिला. "मला वाटायचं, तुम्हाला मी यायला नकोच होतो," तो म्हणाला. मी फक्त मान हलवली, आणि मग लक्षात आले, की अंधारात ती त्याला दिसणार नाही. म्हणून मोठ्याने म्हणालो, "नाही रे, बाळा."

"ती बघा."

ओंडक्याच्या पलीकडे, जमिनीलगत, शिळ्या चांदण्यासारखा हिरवट डाग होता. त्याच्याकडे थेट पाहिले की नाहीसा व्हायचा, जरा बाजूला पाहिले की पुन्हा दिसायचा. मी वाकून तबकडी उचलली. चिरंजीवांनी जांभळा टॉर्च काढून तिच्यावर धरला, आणि त्यांचा चेहरा मला दिसला. मी टॉर्चकडे पाहत राहिलो.

त्या टोपलीला मला सात फेकी लागल्या. मंडळींनी गणती तिथेच थांबवावी, असा ठराव मांडला.

घरी पोचलो तेव्हा दारात आकाशकंदील जळत होता. दोघांचे बूट चिखलाने भरले होते आणि फराळाचा डबा जसाच्या तसा परत आला होता. सूनबाईंनी आधी डबा पाहिला, मग बूट, मग आम्हा दोघांची तोंडे, आणि नेहमीसारखे काही म्हटले नाही. चहा ठेवला.

"पट्टी आणायला हवी उद्या," चिरंजीव म्हणाले. "चांगल्या प्रतीची. दवात टिकणारी."

"दोन रिळं आण," मी म्हणालो.