दुपारी रुसणारी गाडी

आमच्याकडे दुधाच्या हिशेबाची एक वही असते. पुढून दूध, मागून इस्त्रीचे कपडे. २०१८ सालच्या वहीत मात्र मधल्या चार पानांवर तिसरंच काही लिहिलेलं आहे. ‘११ एप्रिल. पाचवड, पेट्रोल पंप. १० मिनिटं बंद. सेल्फ कण्हला, लागला नाही.’ परवा माळा आवरताना ती वही हाती आली. नेमक्या त्याच संध्याकाळी समोरच्या वहिनी सांगत आल्या, “अहो, आमची गाडी सकाळी सुतासारखी सरळ चालू होते आणि दुपारी बाजारात नेली की हटून बसते. हे म्हणतात, तुलाच जमत नाही!” शेवटचं वाक्य ऐकून मला हसूच आलं. म्हटलं, आता हे लिहूनच काढावं.

त्या साली फेब्रुवारीत सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन साताऱ्याला झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, पुढचे दोन-तीन महिने व्यायाम चुकवू नका, आता आळस केलात तर चालणं कायमचं अधू राहील. तेव्हा सोमवार, बुधवार, शुक्रवार आईंना वाईहून साताऱ्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. ह्यांची नोकरी, मुलीची बारावी. मला गाडी येत होती, पण तोवर तिचा उपयोग आठवड्याची भाजी आणि वर्षाकाठी दोन लग्नं, एवढाच. गाडीही चौदा वर्षांची.

मार्च बरा गेला. एप्रिलच्या उन्हात त्रास सुरू झाला. सकाळी घरून निघताना चावी फिरवली की गाडी चालू. परत येताना कुठे पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सेल्फ मारताना आतून नुसतं ‘घर्र... घर्र...’ असं कण्हणं. जात्यात ओले तांदूळ घातल्यासारखं. दोन-तीनदा कसंबसं निभावलं. अकरा तारखेला पाचवडच्या पंपावर ते कण्हणंही थांबलं. दुपारचा एक. मागे गाड्यांची रांग, भोंगे. चार माणसांनी ढकलत गाडी बाजूला नेली, तीही ‘बाई चालवतेय’ असं एकमेकांना सांगत. आईंना खाली उतरता येईना, आत बसवेना. त्यांना लघवीला जायचं होतं आणि पंपावरच्या त्या उंच पायऱ्या चढणं त्यांच्या पायाला शक्य नव्हतं. पुढचं लिहीत नाही. पाऊण तासाने गाडी आपली आपण चालू झाली, जसं काही घडलंच नव्हतं.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाल्या, “मला आता नको ते सातारा. इथंच काय होईल ते होईल.” शुक्रवारी त्या खरोखरच आल्या नाहीत. अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला त्या मोडलेल्या हाडापेक्षा ह्याचीच भीती वाटली.

ह्यांचं म्हणणं, “तू चावी लवकर सोडतेस.” हे रविवारी सकाळी गाडी काढणार, गावातल्या गावात. त्यांना तो त्रास कधी झालाच नाही, मग विश्वास कसा बसावा? गॅरेजात नेली तर तिथंही तेच. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी नेऊन उभी करायची, मिस्त्रीने चावी फिरवायची आणि ती लगेच चालू. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा तसं. “बॅटरी जुनी झालीय,” म्हणून त्याने नवी बसवली. झाले ३,८०० रुपये. दुसऱ्याच दिवशी दुपारी गाडी पुन्हा हटली. मग म्हणे सेल्फच नवा टाका, साडेपाच हजार होतील. आईंच्या औषधपाण्यात हात आखडलेला. मी म्हटलं, विचार करून सांगते.

त्या रात्री मी वही घेतली. तारीख, किती किलोमीटर चालली, किती वेळ बंद होती, सेल्फचा आवाज कसा, सगळं लिहायला लागले. आई येत नव्हत्या तरी मी मुलीला घेऊन मुद्दाम दुपारची पाचवडपर्यंत चक्कर मारून यायची. ह्यांना वाटलं, पेट्रोल वर आलंय हिला! पण चार दिवसांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. गाडी बंद करून लगेच, अर्ध्या मिनिटात सेल्फ मारला तर बहुधा लागायचा. दहा ते वीस मिनिटांनी मारला तर हमखास रुसायचा. दीड तासाने पुन्हा ठणठणीत.

आमच्या गल्लीत एस. टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. म्हणाले, “सूनबाई, अर्धं काम तुम्ही केलंय. बॅटरी मरतुकडी असती तर सकाळी आधी रडली असती. थंड इंजिनातलं तेल घट्ट, फिरवायला जड. ते जो फिरवतो त्याला गरम का जमत नाही, एवढंच शोधायचं.”

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो आपण बायकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. “इंजिन फिरतंय पण पेटत नाही, की फिरतच नाही?” नेहमीच्या वेगाने भराभर फिरतंय पण पेट घेत नाही, तर सेल्फ निर्दोष, खोट पेट्रोलच्या किंवा ठिणगीच्या बाजूला. फिरतानाच कण्हतंय, तर सेल्फ आणि त्याला मिळणारी वीज बघायची. गॅरेजात गेल्यावर हे एक वाक्य नीट सांगितलं तरी निम्मे अंदाजपंचे वाचतात.

गरम झाल्यावर नेमकं काय होतं तेही त्यांनी सांगितलं. गाडी चालू असताना पंखा असतो, वारा लागतो. बंद केली की दोन्ही थांबतात, पण इंजिन आणि धुराचा पाइप तापलेलेच. बॉनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते आणि सेल्फ तिथेच शेजारी बसलेला. म्हणून ती दहा-वीस मिनिटं वाईट. सेल्फच्या आत तांब्याच्या तारा. तांबं ५० अंशांनी जास्त तापलं की विजेला होणारा अडथळा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. निरोगी सेल्फ तेवढं सहज सोसतो. पण आधीच कुठेतरी वीज गळत असेल, सांधा सैल असेल, आतले कार्बन झिजले असतील, तर हे वाढीव ओझं त्याला पेलत नाही. सकाळी झाकलेलं दुखणं दुपारी उघडं पडतं.

“आता गाडी आणा. पण तापवून आणा,” काका म्हणाले, “आणि माझ्या दारात येऊन मगच बंद करा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तीस किलोमीटर फिरवून मी गाडी त्यांच्या दारात उभी केली. पंधरा मिनिटं चहात घालवली. मग त्यांनी पहिल्यांदा मला बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र काढायला लावलं. ह्यात हसण्यासारखं काही नाही. बॅटरीच्या अधिक टोकाला आणि गाडीच्या पत्र्याला एकाच वेळी बांगडी टेकली तर ती क्षणात लाल होते, हात भाजून निघतो. बॅटरीतून पेट घेणारा वायूही निघतो, म्हणून जवळ काडी, उदबत्ती काही नको. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला.

आधी दिव्यांची परीक्षा. पुढचे दिवे लावले, मुलीला सावलीतल्या भिंतीसमोर उभं केलं आणि मी सेल्फ मारला. दिवे पार मंद झाले तर बॅटरी दुबळी, किंवा सेल्फ आत कुठेतरी घासून भलतीच वीज ओढतोय. आमचे दिवे जरासे उतरले, पण बऱ्यापैकी लख्ख राहिले आणि सेल्फ मात्र कण्हत होता. म्हणजे घरात धान्य भरपूर, पण ताटापर्यंत पोचत नाही. वाटेत कोण खातंय?

मग काकांनी मीटर काढलं. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या दोन टोकांत १०.६ व्होल्ट. हे ठीकच, दहाच्या आसपास राहिलं की बॅटरीला दोष देऊ नये, म्हणाले. नंतर अधिक टोकापासून सेल्फपर्यंतची जाड वायर तपासली. तिच्यात ०.३ व्होल्ट हरवत होते. चालायचंच, अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या उणे टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. “मारा सेल्फ!” आकडा आला १.४. काका हसले. “सापडला चोर.”

आपल्याला वाटतं वीज एकाच वाटेने जाते. ती जाते तशी परतही यावी लागते. सेल्फमधून ती इंजिनच्या अंगात येते आणि इंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या एका विणलेल्या पट्टीतून बॅटरीकडे परतते. ती अर्थची पट्टी. छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा शंभराच्या वर अँपिअर ओढतो. एवढा लोंढा गंजलेल्या सांध्यातून जायचा म्हटल्यावर वाटेतच दम सुटतो आणि सांधा तापतो. इस्त्रीचा प्लग सैल असला की तो कसा चटका बसण्याइतका गरम होतो, तसंच. आमच्या गिअरबॉक्सजवळच्या पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या. १०.६ मधून १.४ आणि ०.३ गेले, सेल्फच्या वाट्याला ९ व्होल्टसुद्धा नीट पोचत नव्हते. आणि आम्ही त्याच्या डोक्यावर नवी बॅटरी आणून ठेवली होती!

नवी पट्टी ३५० रुपयांना आली. काकांनी आधी बॅटरीचं उणे टोक सोडलं, जोडताना ते सगळ्यात शेवटी जोडलं. पट्टी बसायची तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने चांदीसारखा घासून काढला. संध्याकाळी पुन्हा गाडी तापवून मोजलं, तर १.४ च्या जागी ०.२. सेल्फ खणखणीत.

अगदी नव्यासारखा झाला असं मात्र म्हणणार नाही. मेच्या कडक उन्हात किंचित ओढून लागायचा. मग तो उघडून घेतला, तर कार्बन झिजलेले आणि बुश सैल निघाले. ते बदलून ९०० रुपये. साडेपाच हजार वाचले हे मी ह्यांना दोनदा सांगितलं. मीटरवरचा आकडा दाखवला तेव्हा हे काही बोलले नाहीत. पण त्या रविवारी स्वतः भर दुपारी गाडी काढून पसरणीचा घाट चढून आले आणि वर पाचगणीला मुद्दाम बंद करून चालू करून पाहिली, हे मला मुलीकडून कळलं. चावीबद्दल पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

आईंना पट्टी, व्होल्ट काही सांगितलं नाही. नुसती वही त्यांच्या हाती दिली. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, बारीक अक्षरसुद्धा वाचत. बराच वेळ पानं उलटत होत्या. मग विचारलं, “एवढ्या उन्हाची एकटी फिरलीस होय गं?” मी म्हटलं, लेक होती बरोबर.

सोमवारी त्या आपणहून साडी बदलून वॉकर धरून दारात उभ्या होत्या. येताना पाचवड जवळ आलं तशी त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. पंप मागे गेला. थोडं पुढे रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला.

“थांबव,” आई म्हणाल्या. “रस घेऊ. आणि गाडी बंद कर. पेट्रोल का जाळायचं?”

मी गाडी बंद केली. त्यांनी रस प्यायला चांगली पंधरा मिनिटं लावली.